अजिंठ्याचे तीन जळालेले बॅकअप

मी जठारपेठेतून काम करतो. कंपनी पुण्याची, क्लायंट जपानचा, आणि माझं टेबल म्हणजे आईचं जुनं शिलाई मशीन, वर प्लायवुडची फळी टाकलेलं. भारतातली दुपार म्हणजे जपानची संध्याकाळ, त्यामुळे आमचे कॉल साधारण जेवणाच्या वेळी असतात. मागच्या पावसाळ्यात असाच एक कॉल संपत आला होता. तिकडच्या टेस्टिंग टीममधल्या एक वयाने मोठ्या बाई मूळच्या नारा शहराच्या आहेत. त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुमचं अकोला अजिंठ्यापासून किती लांब?’’

मी म्यूट करून नकाशा उघडला. खामगाव, बोथ्याचा घाट, बुलढाणा, अजिंठा गाव, आणि मग घाट उतरून फर्दापूर. चार-साडेचार तास. वयाची अठ्ठावीस वर्षं मी या रस्त्याच्या एका टोकाला काढली आणि दुसऱ्या टोकाला कधी गेलो नाही. हे त्यांना सांगायला लाज वाटली.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला माहीतच नव्हता असा होता. त्यांना आणि त्यांच्या तीन मैत्रिणींना हिवाळ्यात अजिंठ्याला यायचं होतं. चौघीही हौशी चित्रकार. त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही आलो तर चित्रांना त्रास होईल का? एका लेणीत किती वेळ थांबलेलं चालतं?’’

हॉटेल कुठलं, जेवण काय, टॅक्सी किती घेईल, हे प्रश्न पाहुणे विचारतात. चित्रांना त्रास होईल का, असं कोणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी ‘बघून सांगतो’ म्हणालो. आमच्या धंद्यात हे उत्तर कायम तयार असतं.

रात्री जेवताना बाबांना विचारलं. बाबा १९७९ साली, नववीत असताना, शाळेच्या सहलीतून एसटीने अजिंठ्याला गेले होते. आरसा घेतलेला एक माणूस बाहेरचं ऊन आत कसं फेकायचा, उजेडाचा चौकोन भिंतीवर कसा सरकायचा, आणि त्या चौकोनात अचानक एक डोळा कसा दिसला, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की आईनेही वरणाची पळी खाली ठेवली. मग ते थोडे थांबले.

‘‘अन् एक गोष्ट सांगू का? तथी खांबावर म्या माहं नाव कोरलं होतं. कर्कटकानं.’’

‘‘काहून बाबा?’’

‘‘साऱ्याच पोट्ट्यायनं कोरलं.’’

नाराच्या बाईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला असं घरातच मिळालं. हो, त्रास होतो. पुढचे तीन महिने रात्री वाचत बसलो ते बाकीच्या उत्तरासाठी. अजिंठ्याला आजवर कोण कोण आलं, काय घेऊन गेलं आणि काय ठेवून गेलं, त्याचा हा हिशेब आहे.

मालक वाशीमचे

आधी आपल्या बाजूचं सांगतो. अजिंठा म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजीनगर किंवा जळगाव आठवतं. पण ज्या चित्रांसाठी जग तिथे येतं, त्यातल्या बहुतेक चित्रांच्या काळी तिथली सत्ता वाशीमची होती. वाशीम म्हणजे तेव्हाचं वत्सगुल्म. १ जुलै १९९८ला वेगळा जिल्हा होईपर्यंत ते आमच्याच अकोला जिल्ह्यात होतं.

वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. एक नागपूरजवळ नंदिवर्धनला आणि दुसरी वत्सगुल्मला. या दुसऱ्या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळा क्रमांकाचं लेणं खोदवून घेतलं आणि त्याच्या भिंतीवर वाकाटकांची वंशावळच कोरून ठेवली. १९३९मध्ये वाशीमला विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा या शाखेचं चित्र स्पष्ट झालं. नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी पुढे हे लेख जुळवून वाकाटकांचा इतिहास उभा केला.

राजशेखर हा दहाव्या शतकाच्या आसपासचा संस्कृत पंडित. त्याने लिहिलंय की काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात झालं. म्हणजे साहित्याच्या लग्नाचा मांडव वाशीमला पडला होता. आम्ही मात्र वाशीमला नातेवाइकांच्या लग्नालाच गेलो.

अमेरिकेचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी पन्नासहून अधिक वर्षं अजिंठ्याचा एकेक खांब तपासला. त्यांच्या मते दुसऱ्या टप्प्यातली जवळजवळ सगळी लेणी इसवी सन ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत खोदली आणि रंगवली गेली. सगळ्या अभ्यासकांना इतका छोटा काळ मान्य नाही. पण हरिषेणाच्या मृत्यूनंतर पैसा आटला आणि काम अर्धवट थांबलं, हे लेणी बघताना जाणवतं. फंडिंग गेलं की प्रोजेक्ट जसा जिथल्या तिथे थांबतो, तसं. काही खांब अर्धे कोरलेले, काही भिंती नुसत्या गिलाव्याच्या.

आणि ‘परदेश’ तिथे तेव्हापासूनच आहे. चित्रांतला निळा रंग लाजवर्द दगडाचा. तो दगड अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येत असे. हिरवा इथल्याच मातीचा, लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या आणि पायमोजे घातलेले इराणी वळणाचे लोक प्याले घेऊन बसलेत. सीमेपलीकडून आलेल्या माणसांकडे इथल्या चित्रकाराने किती मजेत पाहिलंय ते तिथे दिसतं.

पुढे सीमा बदलत गेल्या. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, नावाला मुलूख निजामाचाच राहिला. अजिंठा मात्र निजामाच्या प्रत्यक्ष राज्यात होता. म्हणजे शंभर वर्षं आमच्या पणजोबा-आजोबांना अजिंठ्याला जायचं तर सरकार बदलत होतं. खानदेशही इंग्रजांकडे होता. मुंबईहून येणारा चित्रकार रेल्वेने जळगाव किंवा पाचोऱ्याला उतरे, तिथून पुढे बैलगाडी किंवा टांगा, आणि फर्दापूरच्या अलीकडे कुठेतरी निजामाची हद्द लागे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा अकोला आणि अजिंठा पुन्हा एका राज्यात आले. वत्सगुल्मानंतर मधे बराच काळ गेला होता.

पहिली सही

२८ एप्रिल १८१९. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात वाघोरा नदीच्या दरीत आला आणि त्याला झाडीतून एक कमान दिसली. ते दहा क्रमांकाचं लेणं. तो आत शिरला, आणि आत शिरल्यावर त्याने काय केलं? खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. लेण्यात तेव्हा कित्येक फूट गाळ-दगड साचलेले होते, त्यावर उभा राहून त्याने ते कोरलं. त्यामुळे आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर आहे.

स्मिथनंतर बातमी पसरली. स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होत आहेत, निदान नकला तरी करून ठेवा, असा आग्रह झाला. ईस्ट इंडिया कंपनीने माणूस नेमला, रॉबर्ट गिल. मराठी वाचकाला गिल माहीत असतो तो पारोमुळे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे, आणि त्यावरच्या सिनेमामुळे. पारो १८५६ साली गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे. पण गिलची दुसरी शोकांतिका आपण फारशी सांगत नाही.

जवळपास वीस वर्षं हा माणूस वटवाघळांच्या आणि मधमाश्यांच्या सोबतीने मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला करत राहिला. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला टांगल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ला तिथे आग लागली आणि मोजकी चित्रं सोडून सगळं जळालं.

हा पहिला बॅकअप.

बातमी ऐकून गिल परत गेला नाही. त्याच्याकडे आता कॅमेरा होता. आपल्याकडचे लोणार, मेहकरचे जुने फोटो पाहिलेत तर त्यांतले काही त्याचे आहेत. १८७९मध्ये तो वारला. कबर भुसावळला आहे. अकोल्याहून मुंबईला जाताना आपण भुसावळला चहा पितो, तिथेच.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२पासून पुढे अनेक हिवाळे अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी. भारतातल्या कलाविद्यार्थ्यांची ही पहिली मोठी अभ्यास-सहलच म्हणायची. तीनेकशे कॅनव्हास तयार झाले. तेही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेले. १८८५मध्ये तिथे आग लागली आणि त्यातली बरीच चित्रं गेली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

हा दुसरा.

मग आल्या लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. या बाईंनी इटलीच्या चेन्नीनोचा जुना चित्रतंत्राचा ग्रंथ इंग्रजीत आणला होता. भिंतीवरचा रंग कसा बसतो हे त्यांना हाताने माहीत होतं. १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत त्यांनी निजाम सरकारच्या मदतीने लेण्यांजवळ तळ टाकला. सोबत कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फझलुद्दीनही होते. नंदलाल तेव्हा सत्तावीस वर्षांचे. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान.

आणि १९१७-१८मध्ये जपानहून आले आराई काम्पो. रवींद्रनाथ ठाकुरांच्या आमंत्रणावरून ते कलकत्त्याला जोडासांकोमध्ये जपानी चित्रकला शिकवत होते. तिथून अजिंठ्याला येऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी कागदावर नकला केल्या. त्या तोक्योला गेल्या. १ सप्टेंबर १९२३ला कांतो भागात मोठा भूकंप झाला, शहर पेटलं, आणि त्या नकलाही नष्ट झाल्या.

हा तिसरा.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आम्हाला शिकवतात की डेटाच्या तीन प्रती ठेवा, एक तरी दुसऱ्या गावी ठेवा. अजिंठ्याच्या तीन प्रती सात समुद्रांपलीकडे ठेवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी आग लागली. आणि जिथे छत गळत होतं, वटवाघळं होती, ज्याला कोणी कुलूपही लावलेलं नव्हतं, ते मूळ टिकलं.

वाचवणाऱ्यांचे हात

टिकलं, पण जसंच्या तसं नाही. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, दगडाची भुकटी, भुसा आणि झाडपाल्याचे तंतू कालवलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंक-सरसात घोटलेले रंग. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, भिंतीवर बसलेला आहे. ओल आली की गिलावा फुगतो, वाळला की सुटतो. पाऊस झिरपतो, किडे तंतू खातात.

त्यात आपण. ग्रिफिथ्सच्या काळात चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावलं गेलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं. हैदराबाद संस्थानाने १९१४मध्ये पुरातत्त्व खातं सुरू केलं. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी. १९२०-२२मध्ये निजाम सरकारने लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा खडकाला पुन्हा चिकटवला, आणि खूप काही वाचवलं. पण त्यांनीही वरून लाखेचा थर दिला. तोही काळवंडला. आपल्या पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ गेली कित्येक दशकं जो काळपटपणा कापसाच्या बोळ्याने उतरवतायत, त्यात धूर आणि धूळ आहे, तसाच वाचवायला आलेल्यांचा हातही आहे.

ही माणसं वाईट नव्हती. तेव्हा जे उत्तम माहीत होतं, ते त्यांनी केलं. म्हणूनच मला भीती वाटते. आज आपण जे उत्तम समजून करतोय, त्याचा थर शंभर वर्षांनी कसा दिसेल?

आमच्या भाषेत फाइल उघडण्याचे दोन प्रकार असतात, रीड आणि राइट. फक्त वाचली तर फाइल बदलत नाही. मला आधी वाटायचं की बाबांनी ‘राइट’ केलं, स्मिथने ‘राइट’ केलं, आणि बाकीचे आपण साधेसुधे लोक नुसतं ‘रीड’ करून येतो. ते खरं नाही. बंद लेण्यात उभा असलेला प्रत्येक माणूस श्वासातून वाफ सोडतो, अंगाची उष्णता सोडतो, पायाखालची धूळ उडवतो. गर्दीच्या दिवशी आतला दमटपणा वाढतो, संध्याकाळी कमी होतो, आणि या वरखाली होण्यात गिलावा थोडासा हलतो. अजिंठ्यात नुसतं पाहणं हेही राइट ऑपरेशन आहे. कर्कटकाने केलेलं दिसतं, श्वासाने केलेलं दिसत नाही, एवढाच फरक.

हे जगाला आधी फ्रान्समध्ये कळलं. लास्कोची आदिमानवाची चित्रगुहा १९४८मध्ये लोकांसाठी उघडली आणि माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ चढू लागल्यामुळे १९६३मध्ये बंद करावी लागली. १९८३पासून लोक शेजारी बांधलेली नक्कल पाहतात. चीनमध्ये डुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांपाशी २०१४पासून पाहुणा आधी मोठ्या पडद्यावर चित्रं बघतो, मग ठरलेल्या वेळी थोड्याच लेण्यांत जातो.

आपल्याकडे काही झालं नाही असं नाही. १९८३मध्ये अजिंठा जागतिक वारसा झालं. जपानच्या कर्जातून १९९०च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकासाची योजना आली. आज आपली गाडी लेण्यांपासून चारेक किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबते आणि पुढे बसने जावं लागतं. आत फ्लॅश बंद आहे, दिवे मंद आहेत, चित्रांच्या लेण्यांत थोडे-थोडे लोक सोडतात. त्याच योजनेतून टी-पॉइंटजवळ अभ्यागत केंद्र झालं. एक, दोन, सोळा आणि सतरा या लेण्यांच्या प्रतिकृती त्यात उभारल्या. काही वर्षांत ते थकलेल्या पाणी-वीज बिलांपायी बंद पडल्याच्या बातम्या आल्या. आगीत गेलेल्या तीन बॅकअपनंतर चौथा असा. आमच्याकडे सर्व्हर जळून क्वचित जातो. बहुतेक वेळा रिन्यूअल भरायचं राहून जातो.

नाराची भिंत

एवढं वाचल्यावर मी नाराच्या बाईंना मोठा मेल लिहिला. त्यांचं उत्तर आलं, आणि त्यात माझ्या यादीत नसलेली एक आग होती.

नाराजवळ होर्यूजी नावाचं मंदिर आहे, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या कोंदो दालनात सातव्या शतकाच्या शेवटाची भित्तिचित्रं होती. त्यातल्या बोधिसत्त्वाच्या डोळ्यांत, बोटांत, झुकलेल्या मानेत अभ्यासकांना अजिंठ्याच्या पद्मपाणीची आठवण होत आली आहे. चित्रं विटत चालली म्हणून १९४०मध्ये त्यांच्या नकला करायला चित्रकारांची पथकं बसली. एका पथकाचे प्रमुख होते आराई काम्पो. तेच. वीस-बावीस वर्षांपूर्वी अजिंठ्यात नकला करून गेलेले, आणि त्या भूकंपात गमावलेले.

आराई १९४५मध्ये वारले. काम चालू राहिलं. २६ जानेवारी १९४९च्या पहाटे कोंदोला आग लागली. थंडीत बसून नकला करणाऱ्यांच्या इलेक्ट्रिक गादीमुळे ती लागली असं तेव्हा बोललं गेलं. नेमकं कारण वादातच राहिलं. भिंतींवरचे रंग गेले, करपलेल्या आकृती तेवढ्या राहिल्या. नकला मात्र वाचल्या. त्या नकला आणि १९३५मध्ये काढलेले फोटो यांच्या आधाराने १९६७-६८मध्ये चित्रं नव्याने रंगवून दालनात बसवली. आगीनंतर पुढच्या वर्षी, १९५०मध्ये, जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. २६ जानेवारी हा तिथे वारशाला आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात. मंदिरांतून पाण्याचे फवारे उडवून सराव होतो.

आपण त्या दिवशी झेंडावंदन करतो. त्या झेंड्यामागच्या संविधानाची हस्तलिखित प्रत नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली आहे. अजिंठ्याच्या अंधारात बसून सत्तावीस वर्षांच्या नंदलालांनी जी रेषा गिरवली, ती कॅनव्हासवर थांबली नाही, त्यांच्या हातात राहिली. हेरिंगहॅमबाईंच्या त्या तळाचा खरा बॅकअप मला तो वाटतो. त्याला आग लागू शकत नव्हती.

बाईंच्या मेलचा शेवट असा होता: ‘मी लहानपणापासून नक्कल पाहत आले. मूळ आमच्याकडे नाही. एकदाच मूळ पाहायचं आहे, आणि माझ्यानंतरच्या माणसासाठी ते उरावं अशा बेताने.’

चार दिवस

मग मी सहल आखली. मी काही टूर ऑपरेटर नाही, जसं सुचलं तसं केलं. अजिंठ्याला फक्त एक सकाळ ठेवली. सोमवारी लेणी बंद असतात, शनिवार-रविवार गर्दी, म्हणून बुधवार. चित्रं आधी फोटोत नीट बघून यायची, म्हणजे आत जाऊन ‘हे काय, ते काय’ यात वेळ जाणार नाही. चित्रांच्या एका लेण्यात दहा मिनिटं. फोटो आत काढायचेच नाहीत, कारण आपल्यापेक्षा चांगले आधीच काढून झालेत. आणि उरलेले तीन दिवस भोवतालच्या मुलखात. म्हणजे पैसाही एकाच तिकीट-खिडकीवर संपणार नाही, आणि त्यांना तो मुलूख दिसेल ज्याच्या जिवावर ही लेणी झाली.

जानेवारीत त्या चौघी अकोला स्टेशनला उतरल्या. पहिल्या दिवशी आमच्या घरी झुणका-भाकर आणि ठेचा. ठेचा खाऊन त्यातल्या एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने तो पुन्हा मागितला. बाबा तिथेच ठरवून मोकळे झाले, ‘‘मीबी येतो.’’

दुसऱ्या दिवशी वाशीम. पद्मतीर्थ पाहिलं, बालाजीचं मंदिर पाहिलं. वाकाटकांचं म्हणून डोळ्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. भाजी मंडईच्या गर्दीत उभं राहून मी सांगितलं की तुम्ही जे पाहायला आलात त्याचा राजा या गावचा होता. चौघींनी स्केचबुकं काढली आणि मंडईतल्या बायकांची चित्रं काढू लागल्या. एका मेथीवालीने चित्र पाहून जुडी फुकट दिली. तिसऱ्या दिवशी लोणार, मग मेहकर-चिखली-बुलढाण्यावरून फर्दापुरात मुक्काम.

बुधवारी पहिल्या बसने वर गेलो. पहिल्या लेण्यात आम्ही सहाच जण आणि एक सुरक्षारक्षक. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग पद्मपाणी दिसला. मुकुट, खाली वळलेली नजर, बोटांतलं निळं कमळ, आणि खांद्याजवळ गिलावा सुटलेली जागा. नाराच्या बाई घड्याळ हातात धरून उभ्या होत्या. दहाव्या मिनिटाला त्या वळल्या आणि बाहेर आल्या. बाहेर पायरीवर बसून बूट घालताना म्हणाल्या, ‘‘आमच्याकडचा फार स्वच्छ आहे.’’

पुढे दहाव्या लेण्यात रक्षकाने टॉर्च वर धरून स्मिथचं नाव दाखवलं. ते आता इतकं पुसट झालंय की दाखवल्याशिवाय दिसत नाही. चौघींनी मान वर करून पाहिलं. बाबा तिथे नव्हते. ते मागच्या बाजूला खांबांच्या रांगेतून चालत होते, प्रत्येक खांबाशी वाकून, छातीच्या उंचीवर बघत. नववीतला मुलगा जेवढा उंच असतो, तेवढ्या उंचीवर. मी जवळ गेलो.

‘‘सापडलं का?’’

‘‘नाही. पुसलं असन कोनं तरी.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘का हे लेनंच नव्हतं, कोन जाने.’’ मग त्या चौघींकडे बघत हळू आवाजात, ‘‘त्यायले सांगू नोको.’’

कोणीतरी कापसाचा बोळा घेऊन तासन्‌तास बसून ते भरून काढलं असेल, किंवा तो खांब दुसऱ्याच लेण्यात असेल. आम्ही शोधलं नाही. आमची दहा मिनिटं झाली होती.

टी-पॉइंटला परत आलो तेव्हा स्फटिक विकणारी मुलं मोडक्या जपानीत बोलत पुढे आली. चौघींनी एकेक दगड घेतला, बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. त्या संध्याकाळी जळगावहून रेल्वेने गेल्या. आता त्यांच्यातली एक होर्यूजीच्या भिंतीची आणि अजिंठ्याच्या भिंतीची चित्रं शेजारी-शेजारी काढते आणि मला फोटो पाठवते. पुढच्या हिवाळ्यात आणखी चौघांना यायचंय. मी सांगितलंय, चारच.

हे छापायला देण्याआधी मी बाबांना वाचून दाखवलं. कर्कटकाची गोष्ट काढून टाकू का, म्हणून विचारलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

‘‘राहू दे,’’ म्हणाले. ‘‘त्या स्मिथचं त साऱ्या जगाले मालूम हाये.’’